अंगणातली चूल

देवराव वानखडे रेल्वेत गार्ड होते, आणि गार्डाची नोकरी म्हणजे संशयाचीच नोकरी. मालगाडीच्या प्रत्येक डब्याचं सील शाबूत आहे ना, कुणी ते अलगद काढून पुन्हा बसवलेलं तर नाही ना, हे वाकून वाकून पाहण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. एकसष्ट साली पेन्शनीत गेले तेव्हा त्यांनी झेंड्या परत केल्या, शिट्टी परत केली, कंदीलही परत केला. संशय तेवढा रेल्वेनं मागितला नाही, म्हणून तो त्यांच्याबरोबर घरी आला.

घर अमरावतीला, राजापेठेच्या टोकाला रुळांच्या बाजूनं होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं भिंतीनं वेढलेलं छोटं अंगण. एकुलती लेक शालू अकोटला दिलेली, त्यामुळं घरात देवराव आणि सुभद्राबाई अशी दोघंच. आणि तिसरा सुभद्राबाईंचा दमा. तो आठ महिने गुमान पडून असायचा. दिवाळी उलटली, कापसाच्या बैलबंड्या रस्त्याला लागल्या, सरकी काढणाऱ्या जिनांची धडधड सुरू झाली, की हवेत रुईचे बारीक तंतू तरंगायचे आणि बाईंचा श्वास अडकायचा. साठच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी देवरावांना बाजूला घेऊन सांगितलं, की हंगामात इथं ठेवाल तर एखाद्या वर्षी बाई हाती लागणार नाहीत, त्यांना समुद्राकाठी न्या. डॉक्टरांचं काय जातं सांगायला! रेल्वेचा पास होता, म्हणजे गाडीची सोय झाली. पण समुद्राकाठी उतरून तीन महिने राहायचं कुणाच्या घरी?

तोड काढली अकोल्याच्या किसनरावांनी. हे किसनराव इंजिनाचे ड्रायव्हर, कुणब्याच्या घरचे, जुन्या शहरात राहणारे. पुढं इंजिनावर किसनराव आणि शेवटच्या डब्यात देवराव, अशी दोघांनी अर्धी नोकरी एकाच गाडीच्या दोन टोकांना काढली होती. नागपूरला ड्यूटीवरच्या मुक्कामात किसनरावांची समुद्राकाठच्या वाल्टेरच्या एका तेलुगू गार्डाशी दोस्ती झालेली. अप्पलस्वामी त्याचं नाव. त्याच्या बायकोचे, नरसम्माचे गुडघे समुद्राच्या ओल्या हवेनं हिवाळाभर सुजलेले असत, आणि तिथल्या डॉक्टरांनी तिला कोरड्या मुलखात जायला सांगितलं होतं.

"तिले कोरडी हवा पाह्यजे, वहिनीले ओली," किसनराव म्हणाले. "मंग तीन महिने घरंच बदला ना बाप्पा! तो तुह्या घरी, तू त्याच्या घरी. पास दोघायजवळबी हाये."

असं हे जुळलं. किल्ल्या कापडी पुडक्यात शिवून, लाख लावून, गार्डांच्या हातोहात जात. अमरावतीची किल्ली बडनेरा, नागपूर, रायपूर करत वाल्टेरला, आणि तिकडची तशीच इकडं. दोन दिवस, दोन रात्री गाड्या बदलत देवराव आणि सुभद्राबाई समुद्राला पोचत. तिकडची दोघं त्याच सुमारास उलट दिशेनं येत. त्यामुळं दोन हिवाळे एकमेकांच्या घरात राहूनही चौघांची कधी गाठ पडली नाही. ओळख होती ती वस्तूंची. सुभद्राबाई निघताना तूरडाळ आणि ज्वारीचं पीठ ठेवून जात, आणि तिकडं त्यांना आंब्याच्या तिखटजाळ लोणच्याची बरणी भरलेली मिळे. दोन हिवाळे बाई छातीभर श्वास घेऊन परत आल्या.

अडचण एकच होती आणि ती देवरावांनी गिळून टाकली होती. वानखडे हे आडनाव वऱ्हाडात कुणब्यांत आहे, माळ्यांत आहे आणि महारांतही आहे. छप्पन साली नागपूरला जाऊन नवराबायकोनं दीक्षा घेतली, देव्हारा उठवला आणि समोरच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो लावला. अमरावतीत हे शेजारीपाजारी सगळ्यांना माहीत होतं. वाल्टेरला ते कळायचं काही कारण नव्हतं. देवराव पत्रात 'डी. के. वानखडे, रिटायर्ड गार्ड' एवढंच लिहीत, आणि निघायच्या सकाळी बुद्धाचा फोटो उतरवून ट्रंकेत घालत.

सुभद्राबाईंचं डोकं त्यानं भडकायचं. "दीक्षा घेतली तवा छाती काढून फिरले, अन् आता पावनं येते म्हनून बुद्धाले ट्रंकेत कोंबता? लाज नाई वाटत?"

"तुह्याच श्वासासाठी करून राहिलो ना! त्यायले कळलं तं घर गेलं. घर गेलं तं हवा गेली. मंग बस इथं रुई गिळत."

बाई गप्प बसायच्या. पटलं म्हणून नव्हे, बोलायला दम पुरत नसे म्हणून.

तिसऱ्या वर्षी, त्रेसष्टच्या हिवाळ्यात, देवरावांना पहिल्यापासून काहीतरी खटकत होतं. दरसाल अप्पलस्वामीचं ठसठशीत अक्षरातलं इंग्रजी पत्र यायचं. यंदा टाइप केलेलं आलं, आणि खाली सहीसुद्धा नाही. देवरावांनी ते उजेडात धरून दोनदा पाहिलं. वाल्टेरला पोचल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. त्या घरात मागं एक छोटी खोली होती, देवाची आणि सामानाची. दोन वर्षं ती उघडी होती. यंदा तिला हातभर मोठं कुलूप होतं.

"देव कोंडून ठेवले आपल्यापासून," देवराव म्हणाले.

"कोनं कुलूप कावून लावलं, त्याले शंभर कारनं असतात," सुभद्राबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, समुद्राकडं पाहत, त्यांनी सांगून टाकलं. "आन् एक सांगतो. फोटो मी ट्रंकेतून काढून परत लावून आली. तुमी टांगा आनाले गेले तवा."

देवराव तसेच उठले आणि ते कुलूप ओढून पाहून आले. त्या तीन महिन्यांत त्यांना समुद्र गोड लागला नाही. बाई खुशाल वाळूतून फिरून येत, आणि देवराव ओसरीत बसून त्या कुलपाकडं बघत असत.

होळीच्या आधी दोघं अमरावतीला परतली. कुलूप उघडून सुभद्राबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथूनच त्यांनी हाक मारली. चूल थंडगार होती, नुसती थंड नव्हे, तर तीन महिन्यांत पेटलीच नव्हती. जाताना सारवून गेल्या होत्या, ते सारवण तसंच होतं. फळीवरच्या भांड्यांवर धूळ बसली होती. पाण्याचा माठ पालथा घातला होता, तो पालथाच. तूरडाळीच्या डब्याचं झाकण कुणी उघडलेलं नव्हतं. आणि मागच्या अंगणात, कोपऱ्यात, तीन विटांची चूल मांडलेली होती. शेजारी मातीची दोन मडकी, धुऊन पालथी घातलेली.

देवरावांनी वाकून त्या विटांवरची काजळी बोटानं पुसून पाहिली. समजायचं ते त्यांना समजलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या पार्बताबाई आल्याच. त्यांना कुणी बोलवावं लागत नसे. "मी म्हनलं, आल्याबरोबर सांगतो. अवं सुभद्रे, त्या बाईनं तुह्या चुलीले हात नाई लावला. अंगनात रांधे, अंगनातच जेवे, अन् निजे ओट्यावर, एवढ्या थंडीत! पानीबी सोता नळावून आने, मडक्यात. अन् बुढा तं दिसलाच नाई. एकटीच होती. अकोल्याचे किसनराव तिले टांग्यानं सोडून गेले, तेवढंच पाह्यलं."

"बुढा नव्हता?" देवरावांनी विचारलं.

"नाई ना! मले वाटते, त्यायले घरात पाय ठेवाचा नसन." पार्बताबाईंनी हे अगदी सहज म्हटलं आणि त्या भाजी चिरायला निघून गेल्या.

रात्रभर देवरावांनी गणित मांडलं. त्यात हातचा कुठंच राहिला नाही. फोटो दिसला, म्हणून चूल बाटली. चूल बाटली, म्हणून अंगणात रांधलं. बाईचे गुडघे दुखत होते, म्हणून ती नाइलाजानं ओट्यावर पडून राहिली. आणि म्हातारा? तो बाटायला तयार नव्हता, म्हणून तो उतरला अकोल्याला, किसनरावांच्या घरी. पण वाल्टेरची खोली तर फोटो दिसायच्या आधीच बंद होती. म्हणजे त्यांना आधीच कळलं होतं. कुणी सांगितलं? किसनरावांशिवाय होतंच कोण सांगायला!

सकाळच्या गाडीनं देवराव अकोल्याला गेले. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात शिरले, तेव्हा किसनराव ओसरीत सुपारी कातरत बसले होते. देवरावांना पाहून त्यांचा अडकित्ता थांबला. देवरावांनी तेही टिपलं.

"अप्पलस्वामी यंदा कुठं राहिला?" ना राम राम, ना पाणी.

किसनरावांनी सुपारीकडं पाहिलं. "कुठं म्हनजे?"

"माह्या घरी नव्हता. तुह्याकडं होता काय?"

किसनरावांनी कातरलेलंच खांड पुन्हा कातरलं. मग म्हणाले, "हो. इथंच होता. माह्याकडं."

माणूस खोटं बोलतो तेव्हा पापणी कशी हलते, हे देवरावांनी पंचवीस वर्षं पाहिलं होतं. किसनराव काहीतरी लपवत होते, यात शंकाच नव्हती. काय लपवत होते, तेही देवरावांच्या मते उघड होतं.

"तूच सांगतलं त्याले, आमी कोन हाओ ते."

"मी? देवराव, शपथ घेतो..."

"घेऊ नको शपथ! लायनीवर माह्या डब्यातली भाकर मागून खाल्ली तुवा. पन ह्या घरात कधी मले पंगतीले बलावलं काय? तुह्या पोरीच्या लग्नात मी कुठं बसून जेवलो, आठवते? त्याले बरं तू आपल्या ताटाजोळ घेतलं, तीन महिने!"

किसनरावांचा चेहरा उतरला. पहिल्या आरोपाला त्यांच्याकडं उत्तर होतं, पण ते देता येत नव्हतं. आणि दुसऱ्याला उत्तरच नव्हतं, कारण तो खरा होता. देवराव तसेच पायरी उतरले आणि पुढची गाडी धरून घरी आले.

त्याच दुपारी त्यांनी वाल्टेरला पत्र लिहिलं. इंग्रजी रेल्वेचं, म्हणजे कडक. 'आमच्या घरी तुम्ही कसे राहिलात ते आम्हाला कळलं आहे. चूल वेगळी, पाणी वेगळं. तुम्ही जे लपवलंत तेही कळलं आहे. असा विटाळ आमच्या घरात चालणार नाही. यापुढे येऊ नये. आमचीही किल्ली परत करावी.' मग त्यांनी ते सुभद्राबाईंना मराठीत वाचून दाखवलं.

बाईंनी ऐकून घेतलं. "आपन कोन हाओ, ते लिहलं का यात?"

"त्याची काय गरज? त्यायले मालूम हाये."

"मालूम हाये तं लिहाले काय झालं? उजागरीनं लिहा, का आमी बौद्ध हाओ, पटत नसन तं नका येऊ. एवढं भांडून राहिले, अन् भांडन कायचं ते लिहून नाई राहिले."

"तुले कळत नाई," देवराव म्हणाले आणि त्यांनी पाकीट चिकटवलं. खरं म्हणजे त्यांना ते शब्द कागदावर उतरवता आले नव्हते. रागाच्या भरातसुद्धा नाही.

पत्र गेलं. पुढच्या हिवाळ्याचं काय, हा विषय दोघांनीही काढला नाही. सुभद्राबाईंनी अंगणातल्या विटा उचलून भिंतीशी लावल्या, मडकी मात्र ठेवून दिली. देवराव म्हणाले, फोडून टाक. बाई म्हणाल्या, मडक्यांनी काय केलं तुमचं.

वीस-बावीस दिवसांनी उत्तर आलं. पत्र हिंदीत होतं, कुण्या शाळामास्तराकडून लिहून घेतलेलं, आणि खाली निळ्या शाईचा अंगठा. देवराव ओट्यावर उभ्यानं वाचायला लागले, मग पुन्हा पहिल्या ओळीवर आले.

"काय लिहलं?" सुभद्राबाई दारात आल्या.

देवरावांनी मोठ्यानं वाचलं, थांबून थांबून, मराठी करत. 'भाईसाहेब, तुम्हाला कळलं हे बरं झालं. मला लपवून ठेवणं जड जात होतं. माझे पती गेल्या आषाढात वारले. वर्ष व्हायच्या आत मी दुसऱ्याच्या घरी जायला नको होतं. पण गुडघ्यांनी उभं राहवेना. आणि मनात आलं, हे गेल्याचं कळवलं तर मेल्या माणसाच्या घरात दीदी उतरणार नाहीत, आणि त्यांचा श्वास अडकेल. म्हणून भाच्याकडून पत्र टाइप करून घेतलं. त्यांचा फोटो आणि कपडे मागच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं, दीदींच्या नजरेला पडू नये म्हणून. किसनरावांना मी शपथ घातली होती, की तुमच्यापाशी बोलू नका. तुमच्या चुलीला मी हात लावला नाही. माठाला, भांड्यांना, अंथरुणाला शिवले नाही. दीदींच्या कुंकवाला माझा विटाळ लागू नये एवढं सांभाळलं. भिंतीवरच्या भगवंतापुढं लांबूनच उदबत्ती लावत होते. तरी तुम्हाला राग आला, तो बरोबर आहे. मी आता येणार नाही. पण घर तुमचंच आहे. हिवाळ्यात दीदींना घेऊन या. मी बहिणीकडं जाऊन राहीन, म्हणजे तुम्हाला अडचण नको.'

स्टेशनाच्या बाजूला कुठंतरी डबे जोडत होते, त्याचा आवाज येत होता.

विटाळ मानलाच होता, पण तो देवरावांच्या घराचा नव्हे. त्या बाईनं तो स्वतःचा मानला होता. देवरावांना आपली आई आठवली. अकोटच्या जिनात ती कापूस निवडायला जायची. मालकीण चांगली होती, वर ये म्हणायची, तरी आई ओट्याखालीच उभी राहायची. तिला दूर हो म्हणायची कुणाला गरजच उरली नव्हती, एवढं ते तिच्या अंगात मुरलं होतं. लहानपणी देवरावांना त्या उभं राहण्याची चीड यायची. आणि तसंच कुणी आपल्या अंगणात तीन महिने राहून गेलं, तर आपण त्याला काय समजलो? वर 'विटाळ चालणार नाही' असं लिहून मोकळे झालो. नवरा गेलेल्या बाईला! देवरावांना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांना सुभद्राबाईंकडं बघवेना.

सुभद्राबाई रडत होत्या आणि रडता रडता भांडतही होत्या. "ओट्यावर निजली माय माही, माघाच्या थंडीत! गुडघे धरून. अन् तुमी त्या बाईले काय लिहलं, तं येऊ नको! कावून झालं हे? तुमी आपलं नाव लपवलं म्हनून झालं. उघडं लिहलं असतं, तं तिले कळलं असतं का तुमाले कायचा राग हाये. आता बसा लिहाले. आत्ताच बसा."

"आता लिहलं, अन् तिनं खरंच नाई म्हनलं तं?"

"तं नाई म्हनन. मी इथं खोकत बसन. पन लिहा."

देवरावांनी लिहिलं. या वेळी हिंदीत, साध्या पोस्टकार्डावर नव्हे तर पाकिटात, कारण नरसम्माच्या शोकाचं बोलायचं होतं. आधी माफी मागितली. मग लिहिलं की आम्ही बौद्ध आहोत, छप्पन सालापर्यंत महार होतो, हे मी तुमच्यापासून तीन वर्षं लपवलं, आणि तुम्ही आम्हाला विटाळ मानला असं समजून ते पत्र लिहिलं. नवरा गेल्यानं बाई विटाळते, असं आमच्या घरात कुणी मानत नाही. शेवटी सुभद्राबाईंनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं घातलं, की दिवाळीनंतर या, आणि या वेळी आम्ही घरी असताना या.

दुसऱ्या दिवशी ते अकोल्याला गेले. किसनरावांच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "चुकलं माहं." किसनराव म्हणाले, "तुहं अर्धंच चुकलं." आणि आत बघून त्यांनी दोन ताटं वाढायला सांगितली, शेजारी शेजारी. उशिरा सुचलं, पण सुचलं.

उत्तर मात्र येईना. वैशाख गेला, पाऊस आला आणि गेला. पोस्टमन ओट्यावरून पुढं निघून जायचा आणि देवरावांचा जुना आजार वर यायचा. नरसम्मानं पत्र वाचून घेतलं असेल आणि गप्प बसली असेल. शोक निराळा, जात निराळी. शोक वर्षानं फिटतो. सुभद्राबाई म्हणायच्या, बाई अंगठेबहाद्दर आहे, तिला लिहिणारा मिळाला पाहिजे. दिवाळी झाली. पहिल्या बंड्या रस्त्याला लागल्या, आणि एका पहाटे सुभद्राबाई अंथरुणात उठून बसल्या, दोन्ही हात गादीवर रोवून. देवराव त्यांची पाठ चोळत राहिले आणि आपल्या हातानं काय करून बसलो, हे त्यांना नव्यानं कळलं.

त्याच आठवड्यात कार्ड आलं. तीन ओळींचं. अमक्या तारखेला नागपूरकडच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरते, एवढंच. त्या पत्रातल्या कबुलीबद्दल एक अक्षर नाही.

"मास्तरानं ती ओळ तिले वाचूनच दाखवली नसन," देवराव म्हणाले.

"झालं सुरू तुमचं," सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांना तेवढंच बोलवत होतं.

बडनेऱ्याला देवराव एकटेच गेले. गाडीतून एक ठेंगणी, सावळी बाई उतरली, मोकळं कपाळ, हातात कापडी पिशवी. देवरावांनी पिशवी घ्यायला हात पुढं केला आणि मागं घेतला. आधी सांगणं भाग होतं. प्लॅटफॉर्मवर, हमालांच्या गर्दीत, ते आपल्या रेल्वेच्या हिंदीत म्हणाले, "बहनजी, पहले सुन लो. हम लोग बौद्ध हैं. पहले महार थे. चिट्ठी में लिखा था, मुंह से भी बोल देता हूं."

नरसम्मानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. "दीदी का सांस कैसा है?" तिनं विचारलं आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. बाकी काही नाही. टांग्यात सगळा रस्ता ती कापसाच्या बंड्या पाहत होती, आणि देवराव तिच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत होते.

घरी सुभद्राबाईंनी तिला मिठीच मारली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दोघी एकदम बोलत होत्या. मग सुभद्राबाई पाणी आणायला आत वळल्या. नरसम्मा घराकडेच्या बोळातून मागच्या अंगणात गेली आणि स्वयंपाकघराच्या दारासमोर, खाली, भिंतीला टेकून बसली.

देवराव ओट्यावरून ते पाहत होते. आषाढ उलटून गेला होता, वर्ष झालं होतं, आता शोकाचं कारण उरलं नव्हतं. मग ही बाहेर का बसली? ते बोळातून मागं आले आणि दारापाशी उभे राहिले. सुभद्राबाई आतून हातानं या या करत होत्या, आणि नरसम्मा उंबऱ्याकडं पाहून मान हलवत होती. नाही, नाही.

"पाह्यलं?" देवराव स्वतःशीच म्हणाले.

नरसम्मानं वर पाहिलं. "भैया," ती म्हणाली, "घुटना. सीढ़ी ऊंचा है. हाथ दो."

देवरावांनी हात दिला. ती त्यांच्या हातावर सगळा भार टाकून उठली, कण्हत पायरी चढली आणि स्वयंपाकघरात जाऊन चुलीशेजारच्या पाटावर बसली. सुभद्राबाईंनी माठातून तांब्या भरला आणि पेला तिच्यापुढं केला. आणि देवराव, लाज वाटत असूनही, दाराची चौकट धरून उभे राहिले. पेला तोंडाला लागतो का, की वरून ओतून घेते, की नुसता हातात धरून ठेवते, हे त्यांना पाहायचंच होतं. नरसम्मानं पेला ओठांना लावून घटाघट रिकामा केला आणि आणखी मागितला.

सुभद्राबाईंनी दुसरा पेला भरला, तिच्या हातात दिला आणि दाराकडं वळून पाहिलं. श्वास लागला होता, तरी त्यांनी तो साठवून एका दमात म्हटलं, "झालं तुमचं पाहून? मंग जा आता, आपल्या वाल्टेरच्या पासावर तारीख टाकून आना."